रॅम वाढवल्यावर संगणक का अडखळतो?

नवी रॅम टाकल्यावर चांगला चालणारा संगणक हँग होऊ लागला, निळी स्क्रीन येऊ लागली किंवा डिस्प्लेच गेला, तर दोष बहुतेक वेळा तीनपैकी एका जागी सापडतो. रॅम स्लॉटमध्ये पूर्ण बसलेली नसते, जुन्या रॅमशी किंवा मदरबोर्डाशी तिचा मेळ नसतो, नाहीतर ती मुळातच सदोष असते. यांतले नेमके कोणते हे न पाहता ‘एकदा फॉरमॅट मारून बघू’ असे म्हणणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे. विंडोज नव्याने टाकताना प्रत्येक फाइल रॅममधूनच डिस्कवर जाते. रॅम खराब असेल तर नवी विंडोजही बिघडलेलीच बसते आणि जुना डेटा तेवढा जातो.

परभणी जिल्ह्यात हा प्रश्न आता वारंवार पुढे येणार, कारण जुन्या संगणकांवरचा भार वाढला आहे. आपले सरकार सेवा केंद्रात एकाच वेळी पीकविम्याचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि स्कॅनर उघडा असतो. ४ जीबीवर ब्राउझर गुदमरतो. त्यातच विंडोज १०ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालते, पण रोजच्या कामाला ८ जीबी लागतेच. नवा संगणक परवडत नाही, तेव्हा रॅम वाढवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो, आणि तो योग्यही आहे. फक्त घाई नको.

खरेदीच्या वेळीच अर्धा प्रश्न सुटतो. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही; जोर लावला तर स्लॉट तुटतो. फसगत होते ती एकाच पिढीत. डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, तर डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. दोघींची खाच सारखीच असल्याने १.३५ व्होल्टच मागणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ सहज बसते आणि मग तो सुरूच होत नाही किंवा मधेच बंद पडतो. दुसरी अडचण चिपांच्या घनतेची. ४ जीबीची रॅम १६ चिपांची असते तशी ८ चिपांचीही. काही जुन्या बोर्डांना दाट चिपा ओळखता येत नाहीत. तिथे १६ चिपांची रॅम निमूट चालते आणि ८ चिपांची डिस्प्लेही देत नाही. डीडीआर२च्या स्वस्त ४ जीबी रॅम तर बऱ्याचदा फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणाऱ्या असतात. विंडोज ३२ बिटची असेल, तर रॅम कितीही टाकली तरी साधारण ४ जीबीच्या पलीकडे ती वापरली जात नाही. हा मात्र बिघाड नव्हे.

तपासणीची सुरुवात हाताने करायची. संगणक पूर्ण बंद करून पॉवर केबल काढावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. रॅम काढून तिचे सोनेरी दात मऊ खोडरबराने हलके पुसावेत, रबराचा भुगा ब्रशने झाडावा आणि स्लॉटमधली धूळ फुंकणीने उडवावी. तोंडाने फुंकर घातली तर ओल आत जाते. मानवत, सेलूसारख्या कापसाच्या बाजारपेठांत हंगामात बारीक तंतूही कॅबिनेटमध्ये शिरतो, तोही काढावा. मग दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन कडीचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत रॅम बसवावी. एका बाजूची कडी अर्धवट राहणे हे सतत बीप वाजण्याचे फार नेहमीचे कारण आहे.

या कामात स्थिर विजेचा धोका हिवाळ्यात जास्त असतो. परभणीचे किमान तापमान डिसेंबर-जानेवारीत एक आकडी होते, हवा कोरडी पडते आणि स्वेटरवर भार साठतो. माणसाला चटका जाणवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, चिपेला त्याहून कितीतरी कमी पुरतात. म्हणून रॅम हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा.

अर्थिंगची गोष्ट याहून गंभीर. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि जमिनीशी विजेचा संबंध क्षीण होतो. अनेक ठिकाणी तर तिसरी पिन जोडलेलीच नसते. अशा वेळी एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येते. प्रवाह क्षुल्लक, पण हाताला झिणझिण्या येतात. प्रिंटर जोडताच संगणक अडखळला, तर दोष नव्या रॅमच्या माथी मारण्याआधी अर्थिंग तपासून घ्यावे आणि खड्ड्यात पाणी सोडावे.

यानंतर एक-एक रॅम स्वतंत्रपणे, एकाच स्लॉटमध्ये लावून पाहायची. नवी एकटी चालते, जुनी एकटी चालते, पण दोघी मिळून बिघडतात, तर दोष मेळाचा आहे. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारे सेटिंग) सुरू असेल तर ते बंद करून वेग मूळ पातळीवर आणावा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. बोर्डावर चार स्लॉट असतील तर दोन रॅम कोणत्या जोडीत लावायच्या हे त्याच्या पुस्तिकेत दिलेले असते.

निर्वाळा मात्र चाचणीच देते. विंडोजमध्ये मेमरी डायग्नॉस्टिक असतेच, पण पेनड्राइव्हवरून चालणारे मोफत मेमटेस्ट८६+ अधिक कसून तपासते. काही तास लागतात, म्हणून यूपीएस असलेला बरा. निकाल वाचायला सोपा: चुका शून्य हव्यात. एकही लाल ओळ आली तर ती रॅम आणि सेटिंग जशी आहेत तशी वापरू नयेत.

ही चाचणी मे महिन्यातल्या दुपारी घ्यावी, रात्रीच्या गारव्यात नव्हे. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरमधला भार. तो गळत राहतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर हा काळ निम्मा करण्याची तरतूद मानकातच आहे. खोलीतला पारा २५ ऐवजी ४२वर असला की कॅबिनेटमधली प्रत्येक चिप जवळपास तेवढीच अधिक तापते. सकाळी निर्दोष ठरलेली काठावरची रॅम दुपारी तीनला चूक करते, ती यामुळे.

दोन्ही रॅम चाचणीत उतरल्या आणि तरीही निळी स्क्रीन येत असेल, तर संशय थकलेल्या एसएमपीएसवर, ड्रायव्हरवर किंवा डिस्कवर घ्यावा. सदोष रॅम सापडली तर बिल दाखवून ती बदलून घ्यावी; नामांकित कंपन्यांची वॉरंटी बरीच वर्षे असते. त्यानंतर एसएफसी आज्ञेने विंडोजच्या फाइली तपासाव्यात. बिघाडाच्या काळात साठवलेले हिशेब, दाखल्यांच्या प्रती आणि बॅकअपही एकेक उघडून पाहावेत, कारण खराब रॅममधून गेलेली फाइल डिस्कवर चुकीची लिहिली गेली तरी त्या वेळी कोणतीही सूचना येत नाही.