प्रोस्टेट कॅन्सर : दोष खानदानाचा की पेशीतला बदल?

पालघर, बोईसर, तारापूरकडे घरातल्या बुजुर्गांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला की दोन गोष्टी बोलल्या जातात. पहिली, 'हे अणुकेंद्रामुळे, नाहीतर एमआयडीसीमुळे.' दुसरी हळू आवाजात, 'त्यांच्या खानदानातच आहे.' मग मुलामुलींचे रिश्ते अडतील म्हणून आजार लपवला जातो. म्हणून सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये जनुकांत काय बदलतं, ते आपण समजून घेऊ.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. वय वाढतं तसे तिच्या पेशींतल्या जनुकांत बदल साठत जातात. जीएसटीपी१ हे जनुक पेशीतली घातक द्रव्यं निकामी करायला मदत करतं. बहुतेक रुग्णांत ते अगदी सुरुवातीलाच बंद पडलेलं असतं.

दुसरा बदल २००५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉ. अरुल चिन्नैयान यांच्या गटाने दाखवला. २१ व्या गुणसूत्रावरची टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी ही जनुकं तुटून एकमेकांना जोडली जातात. पहिलं जनुक पुरुषी हार्मोनवर चालतं. दुसरं या पेशींत एरवी शांत असतं, पण जोड झाली की हार्मोन त्यालाही जागं करतं. हा बदल सगळ्याच रुग्णांत सापडत नाही.

हे दोन्ही बदल त्या ग्रंथीपुरते असतात, मुलांकडे जात नाहीत. ते पाहून कारण केंद्र की कारखाना, हेही सांगता येत नाही. वाढतं वय हा मात्र सर्वांत मोठा धोका.

जन्मजात दोष थोड्याच रुग्णांत असतो. उदाहरणार्थ बीआरसीए२. तो मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाकडे जायची शक्यता निम्मी असते. मुलींमध्ये त्याने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून अब्बांकडचेच नव्हे, अम्मीकडचे आजारही डॉक्टरांना सांगा. लपवलं तर सावध व्हायची संधी आपल्याच मुलांची जाते.

सुरुवातीला बहुधा काहीच त्रास होत नाही. लघवीनंतर थेंब येतात, वजू टिकत नाही, ही तक्रार अनेकदा ग्रंथीच्या साध्या वाढीची असते. मसला इमामसाहेबांना जरूर विचारा, पण तपासणी डॉक्टरांकडेच. पन्नाशीनंतर, आणि घरात आजार असेल तर त्याआधीच, पीएसए या रक्ततपासणीबद्दल त्यांच्याशी बोला. पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. आणि सुरुवातीला सापडलेला कॅन्सर बहुतेक वेळा आटोक्यात येतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आनुवंशिक कॅन्सरबद्दल सल्लाही मिळतो.