धुराची पावती वाचायला शिका

आपल्या वस्त्यांमधून आता चारचाकी दिसू लागली आहे, पण ती बहुधा सेकंड हँड. कुणीतरी पंधरा वर्षे पिळून सोडलेली मारुती ८०० किंवा ओम्नी. हीच गाडी कळंबच्या बाजाराला भाजीपाला नेते, रात्रीअपरात्री बाळंतिणीला धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात पोहोचवते आणि ६ डिसेंबरला घरच्या माणसांना घेऊन चैत्यभूमीची वाट धरते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली आणि ओम्नीचे २०१९ साली बंद झाले. तेव्हा एमएच २५ पाटीच्या या गाड्या दिवसेंदिवस म्हाताऱ्याच होणार आहेत.

म्हातारी गाडी पीयूसीला अडते. मग दोन सल्ले मिळतात. पहिला, ‘‘दोन पैसे जास्त द्या, नळी न घालताच पावती काढू.’’ दुसरा मिस्त्रीचा, ‘‘कार्बुरेटर गेला, नवा टाका.’’ पहिल्या सल्ल्याने धूर तसाच राहतो आणि पेट्रोल जळतच राहते. दुसऱ्यात महिन्याची कमाई जाते आणि पुष्कळदा दोष भलतीकडेच असतो. बरे, पावती नसेल तर २०१९ च्या दुरुस्त मोटार वाहन कायद्याप्रमाणे दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हातावर पोट असलेल्या घराने काय करावे?

बंधू-भगिनींनो, आधी ती पावती वाचावी. आम्ही कारकून माणसे, आकडा दिसला की त्याचा मागोवा घेतल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. पावतीवर दोन आकडे मुख्य असतात. पहिला कार्बन मोनॉक्साइडचा, टक्क्यांत. दुसरा हायड्रोकार्बनचा, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलचा, दशलक्षात किती भाग असा. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकीला मर्यादा आहे ३ टक्के आणि १५०० भाग. स्टेज-२ व ३ च्या गाडीला अर्धा टक्का आणि ७५० भाग. स्टेज-४ ला ०.३ टक्के आणि २०० भाग. आपली गाडी कोणत्या रकान्यात बसते ते आरसी बुकावरच्या उत्पादन वर्षावरून ताडून पाहावे. चुकीच्या रकान्यात टाकून नापास केलेली गाडीही असू शकते.

आता पहिला आकडा चढला असेल तर त्याचा अर्थ असा, की इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जात आहे. चुलीत फुंकर कमी पडली की जळण धुमसते, तसेच. म्हणून पहिला संशय कार्बुरेटरवर घेऊ नये, एअर फिल्टरवर घ्यावा. आपला जिल्हा कोरडा, रस्त्याची धूळ बारीक. त्यात ऊस वाहतुकीच्या हंगामात ट्रॅक्टरमागे गाडी चालवली की फिल्टर महिन्यात मातकट होतो. परीक्षा सोपी आहे. केंद्रावर नळी सायलेन्सरमध्ये असतानाच फिल्टरची जाळी काढून दोन मिनिटे इंजिन चालू ठेवायला सांगा. आकडा खाली आला तर चोर सापडला, आणि हा चोर सगळ्यांत स्वस्त. नाही आला तर पुढे चोक पूर्ण उघडतो का, तार अडकली आहे का, हे पाहावे. नंतर फ्लोटची पातळी व सुई, आणि शेवटी मिश्रणाचा स्क्रू. हा स्क्रू आधी फिरवणारा मिस्त्री खरा रोग झाकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजेक्शनच्या गाडीत कार्बुरेटरच नाही, तिथे कॉम्प्युटर पेट्रोल मोजून देतो. त्याला खोटी माहिती मिळाली तर तो चुकीचेच मोजणार. आपल्याकडे उन्हाळ्याच्या भीतीने कित्येक मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात. मग इंजिन हवे तितके तापत नाही, कॉम्प्युटरला वाटते गाडी अजून थंडच आहे, आणि तो जादा पेट्रोल ओततो. ॲव्हरेज पडते, धूर वाढतो, आणि मालक सेन्सर बदलत बसतो! ऑक्सिजन सेन्सरही जुना होऊन बिघडतो, पण थर्मोस्टॅट जागेवर आहे का हे आधी विचारावे.

दुसरा आकडा एकटाच चढला असेल तर पेट्रोल पेटतच नाही असे समजावे. प्लग, प्लगची वायर, डिस्ट्रीब्युटर, टायमिंग, नाहीतर व्हॉल्व्ह. या गाड्यांना तीन सिलिंडर. इंजिन निवल्यावर तिन्ही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडा. तिन्ही कोरडे काळे असतील तर मिश्रणात पेट्रोल जास्त. दोन विटकरी आणि एकच काळा-ओला असेल तर दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे, सगळे इंजिन खोलण्याची गरज नाही. काळ्यावर तेलाचा चिकट थर आणि सायलेन्सरमधून निळा धूर असेल तर मात्र रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजले आहे, तिथे खर्च टळत नाही.

दोन्ही आकडे चढले आणि गाडी स्टेज-२ नंतरची असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला असण्याची शक्यता आहे. पण तो थंड असताना काम करत नाही, त्याला सुमारे तीनशे अंश उष्णता लागते. घरातून काढून थेट नाक्यावरच्या केंद्रात नेलेली चांगली गाडीही नापास होऊ शकते. पंधरा मिनिटे चालवून, इंजिन बंद न करता तपासावी. कन्व्हर्टर आपोआप मरत नाही. मिसिंग करणारी गाडी तशीच दामटली की न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन पेटते आणि तो जळतो. म्हणून आधी मिसिंग काढावे, कन्व्हर्टरचे नंतर बघावे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येते, काही अंशी आपल्याच भागातल्या उसाचे. जुन्या रबरी नळ्या व वायसर त्याने लवकर फुगतात, तेही तपासून घ्यावे.

तथागतांनी कालामांना सांगितले, की गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा. मिस्त्रीच्या बाबतीतही हेच. कारण सापडल्याशिवाय भाग बदलायचा नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधलेले समाजबांधव अजून दिसतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी ते पैसे एअर फिल्टरला घालावेत.

एक गोष्ट उलटी आहे, ती माता-भगिनींनीही ध्यानात घ्यावी. सायलेन्सरला भोक पडले की बाहेरची हवा आत शिरते, धूर पातळ होतो आणि आकडा चांगला दिसतो. अशी गाडी पास होते, पण ती सर्वांत धोक्याची. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखालीच असते. एक्झॉस्टचे गॅस्केट फुटले की तो वायू काच बंद असलेल्या गाडीत येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. रात्रीच्या प्रवासात मागे झोपलेल्या लेकरांना डोकेदुखी, मळमळ, गुंगी आली तर गाडी लागली म्हणून सोडून देऊ नका. गाडी थांबवा, दारे उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा आणि गुंगी उतरत नसेल तर जवळचा दवाखाना गाठा. प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी, थंड इंजिन सुरू करून सीट उचला आणि फट्‌फट् असा आवाज येतो का ते ऐका. सांध्यापाशी काळी काजळी दिसली तर तिथेच गळती आहे.