मातीतला खेळ आणि परमुलखातले खेळाडू

कापसाची वेचणी सुरू होऊन हवेत गारवा आला, की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावी चुन्याच्या रेषा आखून कबड्डीचे सामने भरतात आणि चढाईला आलेल्या गड्याचा घोटा कोपऱ्यातल्या खेळाडूने नेमका कोणत्या क्षणी धरावा, याविषयी मैदानाच्या कडेला बसलेली वयोवृद्ध मंडळीही अधिकारवाणीने बोलतात. खेळ आपल्या मातीतला असताना प्रो कबड्डीत इराणी खेळाडूंवर कोट्यवधींची बोली का लागावी, ही तक्रार अशा बैठकीत निघतेच. तिच्यामागचा जिव्हाळा खरा आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

यू मुंबाने 2018 साली फझल अत्राचली याच्यासाठी 1 कोटी रुपये मोजले. पुढे पुणेरी पलटणने मोहम्मदरझा शादलू याला 2 कोटी 35 लाखांना घेतले आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून विजेतेपद पटकावले. त्या संघाचे नेतृत्व नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारकडे होते, हे तक्रारकर्त्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

शिवाय हा खेळ परमुलखात जावा, ही आकांक्षा मूळची आपलीच. शेजारच्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने कबड्डीचे प्रात्यक्षिक जगासमोर केले. पुढे बुवा साळवींसारख्यांनी तिच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले आणि 1990 साली आशियाई क्रीडास्पर्धेत तिला पदकाचा मान मिळाला. 2018 साली जकार्तात, तोवरची सातही सुवर्णपदके जिंकलेला आपला पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला, आणि दुसऱ्याच दिवशी महिलांचे सुवर्णही इराणने 27-24 असे जिंकले. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या महाराष्ट्राच्या शैलजा जैन, ज्यांनी साठीच्या उंबरठ्यावर तेहरान गाठून फारसी आत्मसात केली आणि शिष्यांना पकडीबरोबर योग व प्राणायामही शिकवला. काहींनी याला देशाशी प्रतारणा म्हटले. मला तर त्यात आपल्या विद्येचा निःसंशय गौरव दिसतो, कारण जी विद्या दुसऱ्याने आत्मसात करण्यास आपण कबूल नसतो, तिचा जगात मान तरी कसा व्हावा?

अन्याय आहे तो निराळ्याच ठिकाणी. आपला मुलगा अनवाणी, मातीवर वाढतो. तेथे पाय किंचित घसरतो आणि त्या घसरण्याच्या हिशेबानेच तो वळायला शिकतो. निवड चाचणीच्या दिवशी त्याला बूट घालून मॅटवर उतरवले, की पाय जागीच रुतल्यागत धरला जातो, गुडघ्याला हिसका बसतो आणि हुलकावणी फसते. प्रो कबड्डीत विदर्भाचा संघ नाही, हे शल्य मोठे खरे. पण घाटंजी, दारव्हा, उमरखेड अशा प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक मॅट आणि वर्षभर शिकवणारा एक जाणता प्रशिक्षक असावा, ही मागणी त्याहून निकडीची आहे, आणि ती मंजूर होण्याच्या आड कोणताही इराणी खेळाडू येत नाही.