विश्लेषण : वाघिणीच्या पाठीवर वाघीण! वेल्सच्या खाणीतली ही गाडी मॉडेलमध्ये उतरवणे अवघड का?

रेल्वेची मॉडेल करणाऱ्यांना इंजिनांचे वेड असते. मात्र उत्तर वेल्समधल्या एका खाणीची सपाट, बिनछपराची वाघीण भल्याभल्या इंजिनांपेक्षा जास्त डोके खाते. कारण या वाघिणीच्या पाठीवर माल नसतो, तर रूळ असतात आणि त्या रुळांवर आणखी छोट्या वाघिणी उभ्या असतात. म्हणजे एकाच मॉडेलमध्ये दोन गेज आले. ते जमवायचे कसे?

ही वाघीण कुठली?

लानबेरिस गावाजवळच्या डिनॉर्विक खाणीतून स्लेट निघत असे. शाळेची जुनी दगडी पाटी ज्या दगडाची, तोच हा दगड. वेल्समध्ये त्याचा मुख्य उपयोग घरांच्या छपरांसाठी होई. डोंगराच्या टप्प्याटप्प्यांवर पसरलेल्या या खाणीत छोटे रूळ होते. त्यांचे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १ फूट पावणेअकरा इंच (५७८ मिमी) होते. खाणीपासून बंदराच्या दिशेने सुमारे ११ किलोमीटर जाणारी पाडर्न रेल्वे मात्र ४ फूट (१२१९ मिमी) गेजची होती. तिच्यावर १८४८ पासून वाफेची इंजिने धावू लागली. या मोठ्या गाडीच्या प्रत्येक सपाट वाघिणीवर खाणीतल्या चार छोट्या वाघिणी चढवल्या जात. अशा वाहक वाघिणीला ‘ट्रान्सपोर्टर’ म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

उत्तर स्लेटच्या स्वभावात आहे. पातळ पाट्या ठिसूळ असतात. एका गाडीतून काढून दुसरीत रचायच्या म्हटल्या की मजुरी वाढते आणि तूटफूटही. त्यात पाडर्न रेल्वे थेट बंदरात पोहोचत नव्हती. पेनस्कॉइन्स येथे ती संपे आणि तिथून धक्क्यापर्यंत तीव्र उतार होता. तिथे छोट्या वाघिणी ट्रान्सपोर्टरवरून ढकलत खाली घेत आणि दोराच्या साहाय्याने उतारावरून पोर्ट डिनॉर्विक बंदरात सोडत. खाणीत भरलेला माल धक्क्यावरच रिकामा होई.

मॉडेलमध्ये घोळ कुठे होतो?

सर्वात लोकप्रिय ‘ओओ’ पद्धतीत १ फुटासाठी ४ मिमी हे प्रमाण असते आणि रूळ साडेसोळा मिमी अंतरावर असतात. गंमत म्हणजे नेहमीच्या ब्रिटिश रेल्वेसाठी हे अंतर चुकीचेच आहे. ४ फूट साडेआठ इंच गेजसाठी ते जवळपास १९ मिमी हवे. पाडर्नच्या ४ फुटांसाठी मात्र १६ मिमी लागतात. म्हणजे बाजारातला तयार रूळ इथे जवळजवळ तंतोतंत बसतो!

अडचण वरच्या मजल्यावर येते. छोट्या वाघिणींना ७.६ मिमी गेज हवे. तयार मिळतात ते ९ मिमी किंवा साडेसहा मिमी. मूळ गाडीत वरचे गेज खालच्या गेजच्या ४७ टक्के होते. ९ मिमी घेतले तर ते ५५ टक्के होते आणि छोट्या वाघिणी फुगलेल्या दिसतात. साडेसहा मिमी घेतले तर ३९ टक्क्यांवर येऊन त्या खेळण्यासारख्या वाटतात. ही वाघीण जन्मालाच आली ती दोन गेजमधल्या फरकामुळे. तो फरक बिघडला, तर रंग आणि रिव्हेट कितीही अचूक असले तरी मॉडेल फसते.

मग उपाय काय?

एक वाट म्हणजे ७.६ मिमीचा रूळ आणि चाकांचे आस हाताने बनवणे. ट्रान्सपोर्टरच्या पाठीवरचा रूळ जेमतेम वाघिणीएवढा लांब असल्याने हे काम वाटते तितके मोठे नाही. दुसरी वाट म्हणजे स्केलच बदलणे. १ फुटाला १६ मिमी या प्रमाणात ४ फुटांचे ६४ मिमी होतात आणि ‘गेज ३’ हा प्रचलित रूळ साडेत्रेसष्ट मिमीचा आहे. वर ३०.३ मिमी हवेत आणि ३२ मिमीचे साहित्य सहज मिळते. प्रमाण ५० टक्के, म्हणजे मूळच्या बरेच जवळ. फक्त जागा भरपूर लागते. हे घराच्या टेबलावरचे नव्हे, अंगणातले काम.

वजनाचे गणित विसरू नका

लांबी १९ पट कमी झाली की घनफळ १९ च्या घनाने, म्हणजे सुमारे ६,९०० पट कमी होते. एक टन मालाचे वजन १६ मिमी स्केलमध्ये जेमतेम १४५ ग्रॅम भरते, तर ओओमध्ये सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. इतकी हलकी गाडी सांध्यावर सहज उडते. त्यात ट्रान्सपोर्टरचा भार उंचावर असतो. म्हणून शिशाचे किंवा पोलादाचे तुकडे खालच्या वाघिणीच्या पोटात बसवावेत, वरच्या वाघिणींत नव्हे. छपराच्या पाट्यांना ‘डचेस’, ‘काउंटेस’ अशी सरदारघराण्यांतल्या स्त्रियांची पदनावे होती. २४ बाय १२ इंचांची ‘डचेस’ १६ मिमी स्केलमध्ये ३२ बाय १६ मिमी होते. पातळ कार्डाचे तुकडे कापून ती करता येते.

बार्शीशी काय संबंध?

हीच युक्ती उलटी वापरणारा अभियंता महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. अडीच फूट गेजची बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड (१९०४ ते १९३४) या त्याच गेजच्या मार्गावर ट्रान्सपोर्टर वापरले गेले. तिथे छोट्या गाडीच्या पाठीवर मोठ्या रेल्वेची वाघीण असे. हेतू तोच, माल पुन्हा उतरवून भरायला नको.

आज काय उरले?

पाडर्न रेल्वे १९६१ मध्ये बंद झाली, तर खाण १९६९ मध्ये. हा स्लेट प्रदेश २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. जुन्या मार्गाच्या काही भागावर आता पर्यटकांची छोटी गाडी धावते, पण तीही नॅरो गेजचीच. ४ फुटी रूळ तिथे राहिले नाहीत. वाघिणीच्या पाठीवर वाघीण बसून निघाली आहे, हे दृश्य आता धावते पाहायचे तर कुणाच्या तरी अंगणात किंवा टेबलावरच. म्हणूनच तिथे दोन गेजमधले प्रमाण नीट राखायला हवे.