उज्जैनच्या प्राध्यापकाला सोबत कोणाची?

उज्जैनच्या जीवाजी वेधशाळेत विद्यार्थ्यांना सम्राट यंत्रापुढे, म्हणजे तिथल्या सूर्यघड्याळापुढे उभं केलं, की धडा सुरू होतो. भिंतीची सावली ज्या रेघेवर पडते ती वाचायची आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहायची. वेळ जुळत नाही. इथली स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटं मागे, शिवाय तारखेनुसार आणखी काही मिनिटांचा फरक. ‘असं का?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या तोंडून यावा, यातच शिक्षकाचं कसब आहे.

सवाई जयसिंहाची ही वेधशाळा १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करवून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. आता हाच धडा ऑनलाइन द्यायचा झाला तर? तासाभराचं व्याख्यान कॅमेऱ्यापुढे म्हणून दाखवलं तर सावली कुठेच दिसत नाही. दर दहा मिनिटांनी टिपलेली तिची छायाचित्रं, विद्यार्थ्याने स्वतः भरायचा तक्ता, उत्तर चुकलं तर नेमकं कुठे चुकलं ते सांगणारी सूचना, हे सारं आधी आखावं लागतं. ती आखणी प्राध्यापकाला शिकवतं कोण आणि शिकल्यावर मदतीला राहतं कोण?

प्राध्यापकांना शिकवण्याची सोय देशात जुनी आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजं उभी केली. उज्जैनपासून पन्नासेक किलोमीटरवर इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात असं केंद्र आहे. ‘रिफ्रेशर झाला का?’ हा तिथल्या उजळणी वर्गांबद्दल स्टाफरूममधला नेहमीचा प्रश्न, कारण पदोन्नती त्यावर अडते. पुढे या केंद्रांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र झालं, २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. आता बरेचसे वर्ग ऑनलाइनच भरतात.

पण प्रमाणपत्र हाती आल्यावर प्राध्यापक एकटाच उरतो, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

याचं उत्तरही इंदूरमध्येच आहे. ऑगस्ट १९८४ मध्ये इन्सॅट उपग्रहाच्या आधारे दूरदर्शनवर आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाले. ते तयार करण्यासाठी पुणे, इंदूर अशा ठिकाणी माध्यम केंद्रं निघाली. तिथे विषय प्राध्यापकाचा असे. पण संहितेला, चित्रणाला आणि संकलनाला निर्माता, कॅमेरामन, संकलक सोबत असत. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं, तेव्हा अभ्यासक्रम बनवण्याच्या कामी हीच केंद्रं लागली. ‘स्वयम्’चा अभ्यासक्रम चार भागांचा असतो: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. पहिले दोन एकदा तयार झाले की झाले. उरलेले दोन मात्र रोज जागते ठेवावे लागतात, आणि त्यासाठी माणसं लागतात.

महाराष्ट्राने हे ओळखलं होतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही (इग्नू) कुलगुरू झाले. दूरशिक्षणात विद्यार्थ्यासमोर शिक्षक नसतो, म्हणून पुस्तकानेच शिकवावं लागतं आणि अभ्यासकेंद्रावरच्या माणसाने शंका फेडाव्या लागतात. हे काम एकट्याचं नसतं. नेहमीच्या विद्यापीठांनी ऑनलाइनकडे वळताना हा अनुभव पुरेसा घेतला नाही, याची हळहळ वाटते.

प्रोत्साहन अगदीच नाही असंही नाही. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत चार श्रेयांकांचा संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करण्याला २० गुण ठेवले होते. गुण मिळतात ते अभ्यासक्रम तयार करण्याचे; चर्चेतल्या प्रश्नांना रात्री बसून उत्तरं देणाऱ्याची नोंद मात्र कुठे होत नाही.

उज्जैनचं विक्रम विद्यापीठ १९५७ चं. त्याच साली वि. श्री. वाकणकरांना भीमबेटकाची शैलचित्रं दिसली. उज्जैनच्या मातीत रुजलेल्या या मराठी संशोधकाने विद्यार्थ्यांना उत्खननावर, डोंगरदऱ्यांत नेऊन शिकवलं. अशा विषयांचे ऑनलाइन धडे उभे करायला माळव्यातली प्राध्यापक मंडळी नक्कीच समर्थ आहे. विद्यापीठांनी दोन गोष्टी कराव्यात: प्रत्येक विद्याशाखेला धड्यांची आखणी जाणणारा एक पूर्णवेळ सहकारी द्यावा, आणि ऑनलाइन शंकानिरसनाचे तास आठवड्याच्या कार्यभारात धरावेत.