ठिपके वाढले की बॅटरी का लवकर संपते?

आजीशी गप्पा रंगात आल्या की टॅबलेटची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. असे का होते, ते आपण पाहू.

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. २०११ च्या आयपॅड २ मध्ये १०२४ × ७६८, म्हणजे सुमारे ८ लाख ठिपके होते. २०१२ च्या आयपॅडमध्ये तेवढ्याच पडद्यावर ते चौपट झाले. चित्र सुरेख दिसू लागले, पण बॅटरीही २५ वॉट-तासांवरून ४२.५ वर गेली. वापराचे तास मात्र तेच, १०!

याची कारणे दोन. एलसीडी पडद्याला मागून दिवा लागतो. प्रत्येक ठिपक्याजवळचा ट्रान्झिस्टर आणि तारा थोडा उजेड अडवतात. ठिपके दाट झाले की अडथळे वाढतात, मग दिवा प्रखर ठेवावा लागतो. दुसरे, जास्त ठिपक्यांचे रंग ठरवताना चिपचे कामही वाढते.

मग सेटिंगमध्ये रिझोल्यूशन कमी करावे का? चिपचे काम हलके होईल, पण तारा तिथेच राहतील आणि दिवाही तेवढाच जळेल. त्यापेक्षा पडद्याचा उजेड कमी करा. आजीलाही हे सांगा. गप्पा नक्की लांबतील!