येशूच्या जन्मकथेत नसलेले ख्रिसमस ट्री घरोघरी पोहोचले कसे?

डिसेंबर उजाडला की मुंबई-पुण्याच्या दुकानांत चांदण्या, सांताच्या टोप्या आणि प्लॅस्टिकची हिरवी झाडे दिसू लागतात. नाताळ म्हटले की ख्रिसमस ट्री आलेच. त्यामुळे ही प्रथा ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी असावी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बायबलमधल्या येशूच्या जन्मकथेत गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे. पण असे झाड कुठेच नाही. मग ते आले कुठून?

सुरुवात कशी झाली?

युरोपातल्या हिवाळ्यात बहुतेक झाडांची पाने गळतात. फर आणि स्प्रूस मात्र हिरवे राहतात. या दिवसांत घरात हिरव्या फांद्या लावण्याची रीत ख्रिस्ती धर्माच्याही आधीची आहे. अख्खे झाड सजवण्याची प्रथा मात्र बरीच नंतरची.

मध्ययुगात २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वा यांचा दिवस मानला जाई. जर्मन प्रदेशात त्यांच्या कथेवर नाटके होत. त्यात एदेन बागेतले झाड म्हणून फरच्या झाडाला सफरचंदे लटकवत. ख्रिसमस ट्रीचे एक मूळ इथे सापडते. पुढे १६०५ सालच्या एका प्रवासवर्णनात स्ट्रासबर्गमधल्या घरांत फरची झाडे उभारल्याचा आणि त्यांना रंगीत कागदाची फुले, सफरचंदे व मिठाई लावल्याचा उल्लेख येतो.

झाडावर पहिल्यांदा मेणबत्त्या लावल्या त्या मार्टिन ल्यूथर यांनी, अशी कथा सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही.

विरोध कोणी केला?

सुरुवातीचा विरोध ख्रिस्ती समाजातूनच झाला. १७व्या शतकात स्ट्रासबर्गचे धर्मोपदेशक योहान डानहाउअर यांनी बाहुल्या आणि मिठाई लटकवलेल्या झाडाला फालतू प्रकार ठरवले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर कट्टर प्युरिटन लोकांचा नाताळ साजरा करण्यालाच विरोध होता. तिथे १६५९ मध्ये कायदा करून त्यासाठी पाच शिलिंग दंड ठेवला गेला. तो १६८१ मध्ये रद्द झाला. कॅथलिक लोक बराच काळ झाडाला प्रोटेस्टंटांची प्रथा मानत. त्यांचा ओढा येशूजन्माच्या देखाव्याकडे होता.

एका चित्राने काय केले?

इंग्लंडच्या राजघराण्यात राणी शार्लट यांनी १८०० मध्ये झाड सजवले होते. त्या मूळच्या जर्मन. पण सामान्य लोकांपर्यंत ही प्रथा नेली ती एका चित्राने. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरिया, त्यांचे जर्मन पती अल्बर्ट आणि मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापले. राजघराण्याचे पाहून मध्यमवर्गानेही झाड घरात आणले.

दोन वर्षांनी हेच चित्र अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकात आले. फक्त राणीचा मुकुट आणि अल्बर्ट यांच्या मिशा काढून टाकल्या होत्या. राजघराण्याचे चित्र साध्या अमेरिकन कुटुंबाचे झाले.

पुढचे काम बाजाराने केले. जर्मनीतल्या लाउशा गावचे काचेचे गोळे परदेशांत जाऊ लागले. मेणबत्त्यांमुळे आगी लागत. त्याला पर्याय मिळाला १८८२ मध्ये. एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधल्या घरी ८० विजेच्या दिव्यांनी झाड उजळवले.

व्हॅटिकनमध्ये झाड कधी आले?

सेंट पीटर्स चौकात ख्रिसमस ट्री पहिल्यांदा उभे राहिले ते थेट १९८२ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात. येशूजन्माच्या देखाव्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचिओ इथे असा देखावा उभा केला होता.

गोवा आणि वसईत ख्रिस्ती धर्म पोर्तुगीज कॅथलिकांकडून आला. त्यामुळे तिथल्या नाताळात आजही गव्हाणीचा देखावा म्हणजे गोठा आणि कंदील यांना मोठा मान असतो. झाडही असते, पण आपल्या हवेत फर कुठून आणणार? रोपवाटिकांमध्ये ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत मिळते ते बहुधा अरोकेरिया, म्हणजे मूळचे दक्षिण गोलार्धातले झाड.